संदर्भ पारखणारा माणूस

निगडी-आकुर्डीपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प अहवालाचे दिवस आले, की आता संदर्भ विभागाआधी चॅटजीपीटी उघडलं जातं. यावरून ग्रंथपालाची गरज सरली, असं अनेकांना वाटतं. मला ते साफ चूक वाटतं. शोधायचं काम यंत्राकडे गेलं, म्हणूनच पारखायचं काम वाढलं आहे. विद्युत वाहनाच्या बॅटरीचं तापमान आटोक्यात कसं ठेवावं, हे विचारलं की यंत्र क्षणात दहा संदर्भ देतं. लेखक नावाजलेला, नियतकालिक खरं, खंड-अंक-पानं सगळं जागच्या जागी. पण लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, टाकून पाहावा, तर कधी काहीच उघडत नाही, कधी भलत्याच विषयाचा लेख समोर येतो. कारण ही प्रणाली मुळात पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधते. तालिकेतली नोंद पाहून बोलत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असेच यंत्राने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर झाले. दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड बसला.

नवी साधनं इंटरनेट धुंडाळून दुवे देतात, चुका कमी होत आहेत, असं यावर सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण दुवा खरा असला तरी यंत्राने केलेलं विधान त्या लेखात असेलच असं नाही. पडताळायला मूळ लेख हाती असावा लागतो, आणि तो बहुधा वर्गणीच्या कुलपात असतो. आपल्या पट्ट्याचं दुखणं नेमकं इथेच आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. तिच्यातून सुमारे १३,००० नियतकालिकं खुली होतात, पण ती सरकारी संस्थांना. गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठ त्यात बसतं, इथली खासगी महाविद्यालयं बसत नाहीत. अशा वेळी ‘मुलांकडे एआय आहे’ म्हणून नियतकालिकांच्या वर्गणीला कात्री लावणं हा मुलांवर अन्यायच आहे.

वाङ्मयचौर्य पकडणारी सॉफ्टवेअर आहेत की, असाही आक्षेप येतो. ती नक्कल पकडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि साम्य मोजताना संदर्भसूची वगळलेलीच असते. म्हणजे रचलेला संदर्भ त्या चाळणीत येतच नाही. तो सापडतो एकाच रीतीने: कुणीतरी लेख उघडून पाहिला तर. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच आढाव्याला मार्गदर्शकाशेजारी ग्रंथपालाची खुर्ची हवी. सूचीतले कोणतेही पाच लेख विद्यार्थ्याने तिथेच उघडावेत, आपलं विधान कोणत्या परिच्छेदातून घेतलं ते दाखवावं, आणि जो लेख मिळाला नाही तो दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायची चिठ्ठी ग्रंथपालाने त्याच दिवशी पाठवावी.