पास आधी की गोल?

गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं फुटबॉलचं एक आभासी मैदान आहे. रीइन्फोर्समेंट लर्निंगचे, म्हणजे बक्षिसावरून शिकणारे, एजंट त्यात खेळतात. त्यांच्यासाठी तिथे ११ छोटे धडे आहेत. पहिल्यात चेंडू आपल्या पायाशी आणि गोल रिकामा, हाकेच्या अंतरावर. पुढे अंतर वाढतं, गोलरक्षक येतो, मग सोबती येतात. वेळेची ४०० पावलं झाली किंवा चेंडू गमावला, की बहुतेक धडे संपतात.

याच क्रमाने तयार झालेला संघ ‘तीन विरुद्ध एक’ या धड्यात उतरला, की मी स्क्रीनवरून नजर हलवत नाही. मधल्याकडे चेंडू, दोन्ही बाजूंना एकेक मोकळा सोबती, समोर एक बचावपटू आणि मागे गोलरक्षक. मधला सरळ धावतो, बचावपटू चेंडू काढून घेतो, धडा संपतो. पुन्हा तेच. रिकाम्या गोलाने त्याला धावायलाच तर शिकवलंय! बाजूचे दोघे काहीही करोत, हाती शून्यच येतं. मग त्यांनी शिकायचं कशावरून? गोलाकडे नेणारा प्रत्येक टप्पा ओलांडल्याबद्दल ०.१ गुण देण्याची सोयही आहे. सुरुवातीला ती फार उपयोगी पडते, पण एकट्याने चेंडू दामटण्याची सवय तिनेच पक्की होते.

म्हणून माझ्या मते सोप्याकडून अवघडाकडे एवढा नियम संघाला पुरत नाही. सोबत्याची गरज पहिल्या धड्यापासूनच भासली पाहिजे. धड्याची फाइल म्हणजे मुख्यतः खेळाडूंच्या जागांचे आकडे. मी बचावपटू मधल्याच्या अगदी पुढ्यात उभा करते आणि बाजूचा सोबती गोलाजवळ नेते. पहिला पास चुकून जातो, गोल होतो, बक्षीस तिघांनाही मिळतं. मग कधीतरी बाजूचा खेळाडू चेंडू यायच्या आधीच मोकळ्या जागेकडे निघतो. तो क्षण मला दर वेळी तितकाच आनंद देतो.

अडचण अशी, की सोबतीही शिकतच असतो. त्याची सवय बदलली की कालचा पास आज भलतीकडे जातो. त्यामुळे नव्या धड्यात जुने मिसळत राहावे लागतात आणि मधूनमधून सोबत्याची जुनी, साठवलेली आवृत्ती मैदानात आणावी लागते. नाहीतर दोघांचं आपसातलं संगनमत तेवढं पक्कं होतं, तिसऱ्याशी जमतच नाही.

गोलांचा आलेख चढला, तरी मी त्यावर विसंबत नाही. किती गोलांच्या आधी चेंडू किमान दोघांच्या पायांतून गेला, ते वेगळं मोजते. तो आकडा वर सरकला, की मगच बचावपटूची जागा बदलते.