रोजची भाकर, रोजचा भरवसा

रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला 'भरवसा' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. थंडी पडू लागली की हापूसच्या कलमांना मोहोर येतो आणि त्याच दिवसापासून त्याची झोप हलकी होते. तुडतुडे, फुलकिडे, भुरी, अवकाळी पाऊस, अचानक चढणारा उन्हाळा यांपैकी कोणतीही एक आपत्ती वर्षभराचे कष्ट मातीला मिळवू शकते. खते, फवारणी, राखणदाराचा पगार आणि पेट्या यांसाठी दलालाकडून उचल घेतलेली असते. फळ हाती येण्यापूर्वीच पैसा खर्च झालेला असतो. मिरकरवाडा बंदरावरील तांडेलाची कथा निराळी नाही. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपली की तो डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा घेऊन समुद्रात जातो. जाळे भरून येईल की रिकामे, हे त्याला ठाऊक नसते.

अशा भूमीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभू येशू सांगतो की, उद्याची चिंता करू नका (मत्तय ६ : २५-३४). रविवारच्या मिस्सेत हे शुभवर्तमान ऐकताना कानाला गोड वाटते. सोमवारी बँकेचा हप्ता समोर उभा राहिला की मनात प्रश्न येतो : हे शब्द खरोखर माझ्यासारख्यासाठी आहेत काय? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

भरवसा म्हणजे काय, आणि काय नव्हे

प्रथम काही गैरसमज दूर केले पाहिजेत. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे असे अनेकांना वाटते. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे प्रभू म्हणतो. परंतु पाखरू दिवसभर घरट्यात बसून राहत नाही. ते पहाटेच दाणे टिपावयास बाहेर पडते. त्याच्या कष्टात चिंतेचे विष नसते, एवढाच प्रभूच्या बोलण्याचा रोख आहे. ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथही प्रभूच्या प्रार्थनेतील भाकरीच्या मागणीचे विवरण करताना हेच शिकवितो : देव आपल्याला आळशी करू इच्छित नाही, तर पोखरणाऱ्या काळजीतून मोकळे करू इच्छितो.

दुसरा गैरसमज असा की, भविष्याची तरतूद करणे म्हणजे अविश्वास. पवित्र शास्त्रात या बाबतीत दोन कथा शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा तो एका दिवसापुरताच गोळा करावयाचा होता. हावरेपणाने सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नाला किडे पडले (निर्गम १६). उलटपक्षी, मिसर देशात योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत कोठारे भरली आणि दुष्काळाच्या सात वर्षांत सर्वांना जगविले (उत्पत्ती ४१). एका ठिकाणी साठवण दोषास्पद ठरली, तर दुसऱ्या ठिकाणी तीच देवाची योजना ठरली. फरक हेतूमध्ये आहे. मान्ना साठविणाऱ्यांना उद्या देव देईल याची खात्री नव्हती. योसेफाने देवानेच दाखविलेल्या मार्गाने, इतरांच्या मुखात घास पडावा म्हणून साठविले. म्हणून पिकाचा विमा उतरविणे, मुलांच्या शिक्षणासाठी बचत करणे, वेळेवर औषधोपचार घेणे यांत श्रद्धेची उणीव नाही. धान्याची कोठारे मोठी करून स्वत:लाच निर्धास्त राहण्यास सांगणारा लूकच्या शुभवर्तमानातील धनवान (लूक १२ : १६-२१) मात्र फसला, कारण त्याच्या हिशेबात देवही नव्हता आणि शेजारीही नव्हता.

तिसरा गैरसमज व्यवहाराचा. "देवा, एवढे काम होऊ दे, मी अमुक करीन," अशी बोली आपण नकळत लावतो. काम झाले तर श्रद्धा वाढते आणि न झाले तर ती डळमळते. असा संबंध बाजारपेठेतला होय, पिता-पुत्राचा नव्हे. लहान मूल आईचा हात धरून चालते, ते तिने मिठाई दिली म्हणून नव्हे. ती आई आहे म्हणून.

रिकाम्या जाळ्यापासून आरंभ

मच्छीमारांना पेत्राची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रात्रभर राबूनही एक मासा हाती लागला नव्हता आणि तो किनाऱ्यावर जाळी धूत होता (लूक ५ : १-११). रिकाम्या हाताने परतल्यावरही जाळी धुवावीच लागतात, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. अशा वेळी येशू त्याच्याच होडीत बसला, तिच्यातून लोकांना शिकविले आणि मग खोल पाण्यात जावयास सांगितले. सुताराच्या घरी वाढलेल्या माणसाने मुरलेल्या कोळ्याला मासेमारी शिकवावी, हे पेत्राला खटकले असणारच. त्याने आपला अनुभव लपविला नाही. रात्र फुकट गेल्याचे स्पष्ट सांगितले आणि तरीही प्रभूच्या शब्दाखातर जाळे टाकले.

भरवशाचे खरे स्वरूप येथे दिसते. आपले अपयश प्रभूसमोर झाकून ठेवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. थकवा, शंका आणि नुकसान त्याच्यासमोर मांडून पुन्हा जाळे उचलणे म्हणजे श्रद्धा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : जाळे भरल्यावर पेत्राने त्याचे पैसे मोजल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. तो गुडघे टेकतो. देणगीपेक्षा देणारा त्याला मोठा वाटू लागला होता.

करजगावचा सुपुत्र

डोंगरावरील ज्या प्रवचनात चिंतेविषयीची ही शिकवण आहे, त्याच प्रवचनाने रत्नागिरी जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे जीवन बदलले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली दापोली तालुक्यातील करजगाव येथे झाला. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचे मन हलेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते कॅथोलिक पंथाचे नव्हते. तथापि त्यांची भजने ही मराठी ख्रिस्ती समाजाची सामायिक ठेव आहे.

या निर्णयाची किंमत त्यांच्याप्रमाणेच त्यांच्या पत्नीनेही मोजली. लक्ष्मीबाई टिळक कर्मठ घरात वाढलेल्या. शालेय शिक्षण लाभलेले नाही. पदरी लहान मूल. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले आणि काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने निर्माण केला नसून माणसाने केला आहे, हे त्यांना स्वत: विचार करता करता उमगले, तेव्हाच त्यांनी तो टाकला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोणाच्या दडपणाखाली घेतलेला हा निर्णय नव्हता. म्हणूनच तो अखेरपर्यंत टिकला.

त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागश: प्रसिद्ध झाले. त्यात भरवशाची दुसरी बाजूही प्रांजळपणे दिसते. टिळक उदार होते. हाती आलेला पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. घरात निराश्रित मुले येत, पाहुणे येत आणि चूल पेटविण्याची विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या रागावत, विनोद करीत आणि तरीही आलेल्याला ताट वाढीत. एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर किती पडतो, याचा विचार आपणही करावयास हवा. देवावर भरवसा ठेवतो असे म्हणून जो पती घरखर्चाची जबाबदारी टाळतो, तो बहुधा देवावर नव्हे, पत्नीच्या कष्टांवर विसंबलेला असतो. पतीच्या पश्चात, १९१९ नंतर, लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेले. ज्या स्त्रीने शाळा पाहिली नाही तिने महाकाव्य पुढे नेले. रोजच्या लहान निष्ठेतून देव केवढे काम करवून घेतो, याचे हे आपल्या मातीतील उदाहरण होय.

संकटकाळी देव कोठे असतो?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. आजोबांनी लावलेले झाड एका दुपारी उन्मळून पडले, दुकानातील सर्व माल चिखलात गेला, अशा माणसाला "देवाची इच्छा" एवढे दोनच शब्द ऐकविणे निष्ठुरपणाचे आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण ठार झाले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, या विचाराला प्रभूने स्पष्ट नकार दिला (लूक १३ : ४-५). संकट म्हणजे शिक्षा, असा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. देव दु:ख का होऊ देतो याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, हे ख्रिस्तसभाही मान्य करते. ती आपल्याला क्रुसाकडे नेते. तेथे देव दु:खाचे स्पष्टीकरण देत नाही. तो स्वत: त्यात उतरतो.

म्हणून संकटात देव कोठे आहे, हा प्रश्न आपल्यापुढे उलट फिरून येतो : त्या वेळी मी कोठे होतो? गाळ उपसावयास फावडे घेऊन गेलेला तरुण, शेजाऱ्याच्या घरी धर्म न विचारता डबा पोहोचविणारी माउली, ही देवाच्या कृपाछत्राची दृश्य रूपे आहेत.

मिस्सेनंतरची मिस्सा

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांतील फारकत ही आपल्या युगाच्या गंभीर चुकांपैकी एक मानली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या आपल्या प्रबोधनपत्रात शेजारच्या घरातील संतांचे कौतुक केले : कष्टाने मुले वाढविणारे आईबाप, कुटुंबासाठी राबणारे स्त्री-पुरुष, आजारी माणसे. रत्नागिरीत ही निष्ठा कोठे कसाला लागते? काही ठिकाणे सहज सांगता येतील.

१. तराजूपाशी. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाच्या पेटीत परप्रांतीचा आंबा भरून विकणे, किंवा अढी घालून धीर धरण्याऐवजी बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविणे, हे केवळ कायद्याचे उल्लंघन नाही. "देव पुरवील" यावरील तो अविश्वासच आहे. जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, ही प्रभूची शिकवण (लूक १६ : १०) पेटीच्या तळाच्या थरालाही लागू पडते.

२. समुद्रावर. बंदीच्या काळात चोरून जाळे टाकणारा आज चार पैसे अधिक मिळवील. परंतु अंडी घालणारी मासळी मारून तो आपल्याच नातवंडांचा घास हिरावतो. नियम पाळून रिकामे राहणे ही त्या दिवसांतली प्रार्थना होय.

३. घरात. नोकरीसाठी मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेल्याची वाट पाहणे, वृद्ध आईबापांची सेवा, व्यसनाधीन भावाला न सोडणे, यांचे फोटो कोठे छापले जात नाहीत. नासरेथच्या घरातील बहुतेक वर्षेही अशीच अप्रसिद्ध होती.

४. शेजारात. आपण येथे संख्येने थोडे आहोत. आपले शेजारी शुभवर्तमान बहुधा आपल्या वागण्यातूनच वाचतात. उसने घेतलेले वेळेवर परत करणे, मजुराला ठरलेली मजुरी पूर्ण देणे, अफवेला दुजोरा न देणे ही त्यांची अक्षरे होत.

दिवसाचा साधा क्रम

भरवसा हा स्वभाव नाही. ती सवय आहे आणि सवय रोज घडवावी लागते. सकाळी उठल्यावर दोन मिनिटे थांबून दिवस देवाच्या हाती द्यावा : काम, भेटणारी माणसे आणि ज्याची भीती वाटते ती गोष्ट नाव घेऊन सांगावी. दिवसा जे करता येण्यासारखे आहे ते मन लावून करावे. जे आपल्या हाती नाही ते पुन्हा पुन्हा मनात घोळवू नये. संध्याकाळी कुटुंबाने एकत्र जपमाळ करावी. निजण्यापूर्वी, संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकविल्याप्रमाणे, दिवसाचे परीक्षण करावे : आज देवाने काय दिले? मी कोठे चुकलो? उद्या काय सुधारीन? आणि चिंतेचे ओझे एकट्याने वाहवत नसेल तर धर्मगुरूंशी, कुटुंबीयांशी आणि आवश्यक तेथे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. मदत मागणे ही श्रद्धेची हार नाही. देव माणसांच्या हातूनच पुष्कळदा हात देतो.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण आजची भाकर मागतो, आणि ती 'मला' नव्हे, 'आम्हांला' मागतो. या दोन शब्दांत सारे सार आले आहे : आजच्यापुरता भरवसा आणि सर्वांपुरते प्रेम. मोहोर येईल किंवा गळेल, जाळे भरेल किंवा रिकामे येईल. प्रत्येक पहाटे पिता आपल्या लेकरांकडे पाहत असतो. त्याच्या दृष्टीखाली आपण आजचा दिवस प्रामाणिकपणे जगू या.

हे प्रेमळ पित्या, आमच्या हातांना काम दे, कामाला सचोटी दे आणि जे आमच्या हाती नाही ते तुझ्या हाती सोपविण्याचे धैर्य दे. आमेन.