बोल्ट मुंबईला का दिला?
मैदानामागचा हिशेब : लेखांक ७

१० नोव्हेंबर २०२०, दुबई. आयपीएलचा अंतिम सामना आणि दिल्लीची पहिलीवहिली अंतिम फेरी. सामन्याचा पहिलाच चेंडू ट्रेंट बोल्टनं टाकला आणि मार्कस स्टॉइनिसच्या बॅटची कड घेऊन तो क्विंटन डी कॉकच्या हातात विसावला. बोल्टच्या पुढच्या षटकात अजिंक्य रहाणेही दोन धावांवर डी कॉककडेच झेल देऊन परतला. दिल्ली १५६ पर्यंत पोचली, पण मुंबईनं पाच गडी राखून सामना घेतला आणि सामनावीर ठरला बोल्ट.

वर्षभरापूर्वी हाच बोल्ट दिल्लीकडे होता आणि रहाणे राजस्थानकडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची खिडकी उघडली. दिल्लीनं रहाणेला आणलं, त्याच्या बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया राजस्थानला दिले. त्याच सुमारास बोल्ट मुंबईच्या हवाली केला. म्हणजे ज्याला हौसेनं आणलं त्याला, ज्याला आपणच सोडलं त्यानं, वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात बाद केलं.

विदर्भातल्या वडनेर भोलजीला महामार्गाच्या कडेला ट्रक थांबतात, तिथल्या टपऱ्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हा विषय अजूनही निघतो. कपाशी निघून गेलेली असते, शेतात नांगरट-वखरणी चालू असते, दिवसभर अंगाची लाही होते आणि साडेसातला मॅच लागली की एका मोबाईलभोवती पाच-सहा डोकी जमतात. मुंबईवाले, धोनीवाले, विराटवाले असे तट ठरलेले. “आपल्या हातानं कायले देल्ला राजेहो?” असा सवाल एकानं टाकला की पुढचा तास निघतो. प्रश्न साधा वाटतो, पण खेळाडू देणं-घेणं या व्यवहाराचं सगळं मर्म त्यात आहे, आणि या आठवड्याच्या लेखाचा विषय तोच आहे.

या वादाचं माहेर अमेरिकेतलं बेसबॉल. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला १६२ सामने येतात आणि हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत चालतो. त्यातले साधारण शंभरेक सामने झाले की जुलैअखेरीच्या आसपास एक मुदत येते. त्या दिवसापर्यंत संघ आपसात खेळाडू बदलू शकतात. नंतर दार बंद. २०१९ पूर्वी ऑगस्टमध्येही एक आडवाट होती, ती आता बुजवली आहे. २०२२ पासून ३० पैकी १२ संघ बाद फेरीत जातात. त्यामुळे जुलै उजाडला की प्रत्येक गावातला चाहता एकाच प्रश्नावर भांडतो: यंदा आपलं जमणार आहे का? जमणार असेल तर खेळाडू घ्या. जमणार नसेल तर असलेला मोठा खेळाडू विका आणि त्याच्या बदल्यात पुढच्या पाच वर्षांची पोरं आणा.

यातलं ‘पोरं आणा’ हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर उभा आहे. बेसबॉलच्या प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली छोट्या संघांची उतरंड असते आणि तिथं अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तयार होत असतात. अशा मुलानं मोठ्या संघात पाऊल टाकलं की पुढची साधारण सहा वर्षं त्याच्यावर त्या क्लबचा हक्क राहतो. तोवर तो मोकळ्या बाजारात जाऊ शकत नाही. म्हणून एकोणीस वर्षांचा होतकरू मुलगा म्हणजे बियाण्यासाठी बाजूला ठेवलेलं सोयाबीन. यंदाची नड भागवायला ते विकायचं की पुढच्या पेरणीसाठी राखायचं, हा जुलैमधला खरा तंटा.

२०१६ मध्ये शिकागो कब्जनं ते विकलं. या संघानं १९०८ नंतर एकदाही विजेतेपद पाहिलं नव्हतं. सामना संपवायला भरवशाचा वेगवान गोलंदाज हवा म्हणून त्यांनी २५ जुलैला न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमनला घेतलं आणि बदल्यात चार खेळाडू दिले. त्यातला ग्लेबर टोरेस जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. चॅपमनचा करार त्याच वर्षी संपणार होता, म्हणजे घेतला तो फक्त तीन महिन्यांसाठी. शिकागोत लोक तुटून पडले. पुढं अंतिम मालिकेच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात चॅपमननंच क्लीव्हलँडला बरोबरी करू दिली, सामना जादा डावात गेला आणि तरीही कब्जनं ८-७ असा तो जिंकला. १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. डिसेंबरमध्ये चॅपमन पुन्हा यांकीजकडे परतला आणि टोरेस २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी ऑल-स्टार झाला. यांकीजनं खेळाडू तीन महिने उसना दिला, व्याजात एक तारा मिळवला आणि मुद्दलही परत आणलं. व्यवहार कुणाला लाभला? यांकीजला, हिशेबाच्या वहीत. पण शिकागोतल्या म्हाताऱ्या चाहत्याला टोरेस परत हवा का म्हणून विचारलं तर तो ढुंकूनही पाहणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

अटलांटाचं २०२१ चं उदाहरण याहून शिकवणारं आहे. १० जुलैला त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज रोनाल्ड अकुन्या गुडघा मोडून वर्षभरासाठी बाहेर गेला. तोवर जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झालेच नव्हते. विकायला काढा, असं म्हणायला पूर्ण जागा होती. व्यवस्थापनानं उलट चार खेळाडू गोळा केले: पीडरसन, डुवाल, रोझारिओ आणि सोलेर. त्यांतला एकही पहिल्या पंक्तीतला नव्हता. ऑगस्टमध्ये गाडी रुळावर आली, ८८ विजयांवर बाद फेरी गाठली (त्या वर्षी बाद फेरीतल्या कुठल्याही संघाचे हे सर्वांत कमी विजय) आणि संघ विजेता ठरला. अंतिम मालिकेचा मानकरी होता जुलैअखेरीस आलेला होर्गे सोलेर.

मग आयपीएलमध्ये असं का होत नाही? नियम आला नव्हता असं नाही. २०१८ मध्ये हंगामाच्या मध्यावर खेळाडू बदलण्याची सोय झाली, पुढं ती आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाही लागू केली. दोनपेक्षा जास्त सामने न खेळलेला खेळाडू दुसऱ्या संघात जाऊ शकत होता. बाकावर बसून कंटाळलेल्यांसाठी हे दार होतं. पण त्यातून रहदारी झालीच नाही.

पहिलं कारण सगळ्यांच्या लक्षात येतं. चौदा सामन्यांच्या हंगामात सात झाले तरी जवळपास प्रत्येक संघ कागदावर जिवंत असतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातात काठी कोण देईल? पण दुसरं कारण जास्त खोलवर आहे. आयपीएलमध्ये विकणाऱ्याला मोबदल्यात द्यायला ‘उद्या’च नसतो. २०१८, २०२२ आणि २०२५ च्या हंगामांआधी महालिलाव झाले आणि प्रत्येक वेळी थोडे खेळाडू राखून बाकी पाटी पुसली गेली. आज हातात घेतलेला एकोणीस वर्षांचा पोरगा तीन वर्षांनी आपल्याकडेच राहील याची खात्री नाही. ज्याचा उद्या आपला नाही, त्याच्यासाठी आजचा तयार गोलंदाज कोण सोडणार? म्हणून हरणारा संघही आपले खेळाडू धरून बसतो आणि खरे व्यवहार हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरच्या थंडीत होतात. महालिलावाची ही पद्धत संघांना समान पातळीवर आणते हे खरं. पण चाहत्याला मे महिन्यात मिळू शकणारा एक मोठा वाद तिनं हिरावून घेतला आहे.

तरीही हंगामाच्या मध्यावर नशीब पालटणारी माणसं इथंही आली आहेत, फक्त मागच्या दारानं. कुणी जखमी झाला की बदली खेळाडू घेता येतो. २०११ च्या लिलावात ख्रिस गेलला कुणी हात लावला नव्हता. डर्क नॅनस जायबंदी झाल्यावर बंगळुरूनं त्याला बोलावलं. २२ एप्रिलला कोलकात्याविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं नाबाद १०२ केल्या, हंगामात ६०८ धावा करून सगळ्यांच्या पुढं राहिला आणि संघ अंतिम फेरीत गेला. २०२२ मध्ये याच संघानं लिलावात न विकल्या गेलेल्या रजत पाटीदारला लवनीत सिसोदियाच्या जागी घेतलं. २५ मे रोजी ईडन गार्डन्सवर लखनौविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये त्यानं नाबाद ११२ ठोकल्या. २०२५ मध्ये बंगळुरूनं पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता.

त्याच २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडच्या दुखापतीनं विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला चेन्नईचं दार उघडलं. २० एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्धच पदार्पण, १५ चेंडूंत ३२. ३ मे रोजी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. चेन्नई तळाशी राहिली ती राहिलीच, पण पोरगा सापडला.

मुंबईनं त्या वर्षी याच्या अगदी उलट टोकाचा सौदा केला. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि वेळापत्रक पुढं सरकलं. विल जॅक्स, रायन रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश यांना साखळी संपताच देशाच्या संघाकडे जावं लागणार होतं. त्यांच्या जागी जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरिथ असालंका आले. अशा तात्पुरत्या खेळाडूंना पुढच्या वर्षासाठी राखता येणार नाही, असं आयपीएलनं आधीच बजावलं होतं. ३० मे रोजी गुजरातविरुद्ध बेअरस्टोनं २२ चेंडूंत ४७ धावा केल्या आणि मुंबई पुढं सरकली. दोन दिवसांनी पंजाबनं त्यांना घरी पाठवलं.

खेळाडू बदलता येत नाहीत तेव्हा वाद आकड्यांकडे वळतो. गुण समान झाले की निव्वळ धावगती पाहतात. हंगामभरात आपण दर षटकाला केलेल्या धावांतून दर षटकाला दिलेल्या धावा वजा करायच्या, इतकंच ते. त्यात मेख एकच: संघ वीस षटकांआधी सर्वबाद झाला तरी षटकं पूर्ण वीसच धरतात. म्हणून शंभरात गुंडाळला गेलेला एक दिवस महिनाभर अंगाला चिकटून राहतो.

१८ मे २०२४ ला बंगळुरूत हे गणित सगळ्या देशानं एकत्र सोडवलं. पहिल्या आठपैकी सात सामने हरलेला बंगळुरूचा संघ नंतर ओळीनं पाच जिंकून तिथं आला होता. २१८ केल्यावर त्यांना चेन्नईला किमान १८ धावांनी हरवायचं होतं. चेन्नईला पराभवातही २०१ पुरत होत्या. शेवटच्या षटकात हव्या होत्या १७. यश दयालच्या पहिल्याच चेंडूवर धोनीनं षटकार मैदानाबाहेर मारला, दुसऱ्या चेंडूवर तो झेलबाद झाला आणि उरलेल्या चार चेंडूंत एकच धाव निघाली. १९१. दोन्ही संघांचे गुण १४ आणि बंगळुरू आत.

याहून चित्तथरारक प्रसंग त्याच्या दहा वर्षं आधीचा. २५ मे २०१४, वानखेडे. राजस्थानच्या १८९ धावा, मुंबईला बाद फेरीसाठी १९० हव्यात त्या १४.३ षटकांत. कोरी अँडरसननं ४४ चेंडूंत नाबाद ९५ चोपल्या. १४.३ षटकांना धावफलक १८९ वर आला आणि विजयी धावेसाठी पळताना रायुडू धावबाद झाला. राजस्थानच्या गोटात आनंद. मग मैदानावर कुजबुज सुरू झाली: धावगती धावांवरही ठरते, तेव्हा पुढचा चेंडू सीमेपार गेला तरी मुंबई पुढं. आदित्य तरे आला, जेम्स फॉकनरचा फुलटॉस मिळाला आणि त्यानं तो लेगला प्रेक्षकांत भिरकावला. राहुल द्रविडसारख्या माणसानं टोपी जमिनीवर आपटली. त्या हंगामात पहिले पाचही सामने मुंबई हरली होती.

परत बोल्टकडे. व्यवहार त्याच्या शेवटावरून जोखायचा नसतो. ज्या दिवशी झाला त्या दिवशी काय माहीत होतं यावरून जोखायचा. २०१९ मध्ये दिल्लीनं बोल्टला मोजकेच सामने दिले होते. कोटलाची खेळपट्टी संथ, रबाडा हाताशी, परदेशी जागा चारच. २०२० चा हंगाम कोविडमुळे अमिरातीत हलेल, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिल्लीची गोलंदाजी त्यामुळे लुळी पडली असंही नाही: त्या वर्षी रबाडानं ३० बळी घेतले, नॉर्कियानं २२. चूक होती ती वेगळी. आपल्याला नको असलेला खेळाडू कुणाला दिल्यावर सर्वांत जास्त चावेल, हे पाहायला हवं होतं. मुंबईला पहिल्या सहा षटकांत बळी काढणारा डावखुरा हवाच होता. त्यात ऐन वेळी मलिंगानं माघार घेतली. बोल्टनं त्या हंगामातल्या २५ पैकी १६ बळी पॉवरप्लेमध्ये घेतले.

मोठा व्यवहार म्हणजे हमखास लाभ, असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईनं गुजरातकडून हार्दिक पंड्याला आणलं, त्यासाठी कॅमेरून ग्रीन बंगळुरूला दिला आणि पुढं रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं. वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडाली, चौदापैकी चार विजय मिळाले आणि संघ दहावा आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा, सॅम करन राजस्थानला गेले. याच जडेजावर २०१० मध्ये, राजस्थानकडे असताना, परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल वर्षभराची बंदी आली होती. धोनीवाल्यांत या अदलाबदलीनं सरळ दोन फळ्या पडल्या.

विदर्भाला स्वतःचा आयपीएल संघ नाही, त्यामुळे इथली निष्ठा माणसामागं जाते. वडनेर भोलजीवरून जाणारा महामार्ग खामगाव, अकोला करत अमरावतीला पोचतो आणि अमरावतीचा जितेश शर्मा हे बंगळुरूचा झेंडा धरायला इकडं पुरेसं कारण आहे. मुंबईच्या ताफ्यात असताना त्याला एकही सामना मिळाला नाही. पंजाबनं खेळवला, पण राखला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळुरूनं त्याच्यासाठी ११ कोटी मोजले, तेव्हा ते जास्तच झाले असं म्हणणारे बरेच होते.

२७ मे २०२५ ला लखनौमध्ये बंगळुरूसमोर २२८ चं लक्ष्य होतं. बाद फेरी पक्की झाली होती, पण पहिल्या दोनांत यायला विजय हवा होता. हा फरक किरकोळ नाही: पहिल्या दोघांना अंतिम फेरीसाठी दोन संधी मिळतात, आणि २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांत त्यांच्याबाहेरचा संघ विजेता झाला तो एकदाच, २०१६ मध्ये हैदराबाद. पाटीदारऐवजी त्या रात्री कर्णधार जितेश होता. दिग्वेश राठीच्या चेंडूवर त्याचा झेल गेला, तो नो-बॉल ठरला. पुढच्या फ्री हिटवर षटकार. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चेंडू शिल्लक असताना विजय आणि बंगळुरू दुसरं. दोन दिवसांनी पहिल्या क्वालिफायरमध्ये त्यांनी पंजाबला १०१ धावांत उखडलं. ३ जूनला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा पंजाबच होतं, जितेशला सोडून देणारा संघ. त्यानं १० चेंडूंत २४ केल्या आणि बंगळुरू जिंकलं ते सहा धावांनी.