काचेच्या बशांची फुलं

अमेरिकेतल्या अनेक घरगुती बागांमध्ये जुन्या काचेच्या ताटल्यांची फुलं वर्षानुवर्षं टिकून राहतात. मोठी ताटली, तिच्यावर लहान बशी, मधोमध वाटी, की झालं फूल तयार!

हा माल बहुधा सेकंडहँड दुकानांतून येतो. १९३०च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत साच्यात घडवलेली गुलाबी, हिरवी, अंबर रंगाची स्वस्त भांडी घरोघर पोचली. काही तर ओटच्या डब्यांतून मोफत मिळत. आज संग्राहक ती जपतात, म्हणून फुलासाठी टवका उडालेला नगच घ्यावा.

काच धुऊन, स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि बाहेर टिकणारं पारदर्शक सिलिकोन लावावं. ते वाळल्यावरही लवचिक राहतं, त्यामुळे तापमानानुसार काच किंचित प्रसरण-आकुंचन पावली तरी जोड सहसा सुटत नाही. निदान एक दिवस फूल हलवू नये. मग मागे अरुंद तोंडाची बाटली चिकटवून ती जमिनीत रोवलेल्या सळईवर उपडी बसवतात.

चिकटवण्याऐवजी भोक पाडून जोडायचं असेल तर हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल हळू चालवावं, काच सतत ओली ठेवावी आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा.

वाटीत साचलेलं पाणी गोठताना फुगतं आणि काच तडकते. म्हणून थंड प्रांतांत ही फुलं हिवाळ्याआधीच घरात नेतात.