कॉफीच्या दलालाची गोष्ट

१८५६ मध्ये जावातल्या लेबाक इथे डच अधिकारी असलेल्या एदुआर्द डाउवेस डेकरने रयतेच्या लुटीची तक्रार वर केली; दाद लागेना, तेव्हा राजीनामा दिला. १८६० साली ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने त्याची ‘माक्स हाफेलार’ ही कादंबरी आली. निवेदक कोण, तर अॅमस्टरडॅमचा कॉफी-दलाल! जावाच्या कॉफीवर गब्बर, वर देवधर्माच्या गप्पा. पण चटका लावते ती सैजाची उपकथा: जिल्ह्याचा अंमलदार त्याच्या बापाचे नांगराचे रेडे एकामागून एक ओढून नेतो. हा अंमलदार जावाचाच, त्याला पाठीशी घालणारी सत्ता डच. शेवटी लेखक पात्रांना बाजूला सारून थेट राजा तिसऱ्या विल्यमला जाब विचारतो. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या कॉफीसाठी प्रमाणचिन्ह निघालं, त्याचं नाव ‘माक्स हाफेलार’च.