चित्रातील रचना

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की, झाड, घर, डोंगर हुबेहूब काढता आले म्हणजे चित्र साधले. परंतु सुंदर शब्द एकापुढे एक ठेवल्याने जसे वाक्य होत नाही, तसे सुबक आकृती कागदभर विखुरल्याने चित्र होत नाही. कोणती आकृती कोठे, केवढी आणि कशाशेजारी असावी, याचा विचार चित्रकाराला आधी करावा लागतो. या मांडणीलाच रचना म्हणतात.

रचनेची तत्त्वे समजून घेण्यास अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र फार उपयोगी आहे. ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भिंतीवर रंगविले गेले. त्यात माणसे, वानर, मोर, झाडे, खडक अशी बरीच गर्दी आहे. तरीही पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम पद्मपाणीवरच जाते. असे का व्हावे? एक तर ती आकृती इतरांहून पुष्कळच मोठी आहे. शिवाय तिचा उजळ वर्ण गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतो. मुख्य विषयाला असे प्राधान्य देणे, हे रचनेचे पहिले तत्त्व होय. आकारांतील व रंगांतील विरोध हे त्याचे साधन.

दुसरे तत्त्व लय. पद्मपाणी ताठ उभा नाही. त्याच्या देहाला तीन ठिकाणी बाक आहे. या उभे राहण्यास त्रिभंग म्हणतात. मस्तक किंचित कललेले आणि पापण्या खाली झुकलेल्या आहेत. आपली दृष्टी त्या मुखावरून खाली उतरत हातातील कमळापर्यंत सहज पोहोचते. रेषांच्या या संथ वळणांतून त्याच्या मनातील करुणा आपल्याला जाणवते.

तिसरे तत्त्व समतोल. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या एका बाजूस पद्मपाणी, तर दुसऱ्या बाजूस वज्रपाणी म्हणून ओळखला जाणारा बोधिसत्त्व आहे. मधोमध, आत गाभाऱ्यात, बुद्धमूर्ती आहे. दोन्ही चित्रे एकसारखी नाहीत. परंतु तराजूच्या पारड्यांत निरनिराळ्या वस्तू असूनही वजन सारखे भरावे, तशी ती परस्परांना तोलून धरतात.

ही तत्त्वे एकत्र आली की चित्राला एकात्मता लाभते. या चित्राची छापील प्रत मिळाल्यास कमळ धरलेला हात बोटाने झाकून पाहा. खाली वळलेली दृष्टी मध्येच अडते आणि काहीतरी हरवल्यासारखे वाटते. चांगल्या रचनेतून एक अंशही काढून घेता येत नाही, तो असा.

कालौघात अजिंठ्याच्या भिंतींवरील रंग फिकटले, ठिकठिकाणी पोपडे गळून पडले. तरीही पद्मपाणीसमोर उभा राहणारा प्रवासी क्षणभर स्तब्ध होतो. रंगांची झीज झाली, तरी रचनेने चित्राचा प्राण राखला आहे.