पोच घेतली का?

आयटीआय चौक, वर्कशॉप कॉर्नर, राज कॉर्नर... रात्री साडेआठला ऑफिसमधून स्कुटीवर निघालं की आपलं नांदेड कसं झक्कास दिसतं! मग मुख्य रस्ता सोडून आमच्या कॉलनीकडे वळायचं आणि एकदम लोडशेडिंगच्या जमान्यात शिरायचं. पाच खांब, पाचही दिवे बंद. वळणावर एक खड्डा, ज्याची जागा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. शेजारच्या काकूंचा मात्र अंदाज चुकला आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये गेला.

कॉलनीत मुलींची दोन हॉस्टेलंही आहेत. नीटच्या तयारीसाठी परभणी, हिंगोलीकडून आलेल्या पोरी. क्लास सुटतो नऊला. मोबाइलचा टॉर्च लावून, एकमेकींचे हात धरून त्या वळणावरून यायच्या. रोज बघत होते. एक दिवस डोकं सटकलंच.

मग मी काय केलं? आपण सगळेच करतो तेच. लॅपटॉप उघडला आणि तावातावानं दोन पानी पत्र लिहिलं. दिवे, खड्डा, मोकाट कुत्री, घंटागाडी, वर 'आम्ही टॅक्स कशासाठी भरतो?' हा खणखणीत सवाल. (मी भाड्यानं राहते, टॅक्स घरमालक भरतात. पण जोश म्हणजे जोश!) लंच-ब्रेकमध्ये एका कार्यालयात गेले, जे टेबल पहिलं दिसलं त्यावर पत्र ठेवलं आणि विजयी मुद्रेनं परत आले.

महिन्यानं चौकशीला गेले तर पहिला प्रश्न – आवक क्रमांक काय?

कसला क्रमांक? माझ्याकडे ना क्रमांक, ना शिक्का, ना पत्राची झेरॉक्स. त्या माणसानं शोधायचं तरी काय? चूक शंभर टक्के माझी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांना जिन्यात हे रामायण सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "पोच घेतली का?"

"नाही."

"मग ते निवेदन नाही बाई, चिठ्ठी आहे. आवक रजिस्टरात चढल्याशिवाय कागदाला जीव येत नसतो. बरं, आता काय करायलीस? ये वर, चहा घे."

त्या चहावर जो क्रॅश कोर्स झाला, तो कुठल्याही एमबीएच्या वर्गात मिळायचा नाही. पहिलं म्हणजे एका निवेदनात एकच मागणी. दिवे विद्युत विभागाकडे, खड्डा बांधकाम विभागाकडे, कुत्री आणखी तिसरीकडे. सगळं एका कागदात कोंबलं की प्रत्येक विभागाला वाटतं, हे दुसऱ्याचं काम! दुसरं, पत्र कोणाला? महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात, म्हणून 'प्रति, मा. आयुक्त'. नगरसेवकांना खाली 'प्रत माहितीस्तव'. इथे एक गंमत आहे. २०१७ च्या निवडणुकीत नांदेडला २० प्रभाग होते आणि नगरसेवक ८१, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. 'आपला नगरसेवक कोण?' याचं एक उत्तरच नाही. तेव्हा प्रत सगळ्यांना द्यायची, कुणी म्हणायला नको की मला कळवलं नाही. त्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. पण निवेदनावरचा पत्ता त्या काळातही बदलला नव्हता... आयुक्तच.

मग मजकूर. माझ्या पत्रात 'घोर अंधाराचं साम्राज्य' होतं. काकांनी ते खोडून विचारलं, खांबांचे नंबर किती? तोपर्यंत खांबाला नंबर असतो याचाच मला पत्ता नव्हता! दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लिहून आणले. अनेक ठिकाणी खांब महावितरणचा आणि दिवा महापालिकेचा असतो, त्यामुळे कुठला खांब, कधीपासून बंद, हे स्पष्ट हवं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. हे एक वाक्य टाकलं की बाकी आदळआपट करावी लागत नाही. दोन पानांचं पत्र अर्ध्या पानावर आलं. साम्राज्य गेलं, पाच नंबर राहिले.

आणि मग सह्या. इथे खरी मजा (आणि भांडणं) झाली.

सहीच्या प्रत्येक पानावर विषय आणि पान क्रमांक लिहायचा, हा काकांचा दंडक. नाहीतर सह्यांचं कोरं पान उद्या कुठल्याही पत्राला जोडता येतं. पूर्ण नाव, घर नंबर, मोबाइल, सही. रविवारी सकाळी मी आणि शेजारच्या काकू (त्याच, प्लास्टरवाल्या) दारोदार फिरलो. बहुतेक घरांत पुरुषमंडळी घराच्या वतीनं एकच सही ठोकायला निघालेली. काकू ऐकतात काय! "अहो, अंधारात चालतं कोण? वहिनींना बोलवा की." अशा प्रत्येक घरातून दोन-तीन सह्या निघाल्या.

हॉस्टेलच्या पोरींकडे निघालो, तर एका गृहस्थांनी अडवलं. "त्यांच्या सह्या कशाला? भाडेकरू त्या. मतदार पण नाहीत इथल्या." खरं सांगते, क्षणभर मीही गडबडले, कारण माझंही मतदार यादीतलं नाव अजून गावाकडेच आहे. उत्तर काकांनी दिलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मध्ये शब्द आहे 'प्रत्येक व्यक्ती'. गाऱ्हाणं दूर करून घेण्यासाठी निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. मालक नव्हे, मतदार नव्हे, व्यक्ती! शिवाय राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत ते देता येतं. आमच्या पानांवर मराठीबरोबर उर्दू आणि गुरुमुखीतल्या सह्याही आहेत, त्यातल्या चौदा त्या हॉस्टेलमधल्या मुलींच्या. त्या रस्त्याचं त्यांच्याइतकं कुणाला पडलं होतं?

सह्या जमवण्याचं हे खूळ आपल्याकडे जुनंच. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. असे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीनं बोलत. आम्ही एकूण एकसष्टच. पण बॉस, रविवारच्या एका सकाळीत!

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन प्रती घेऊन या वेळी थेट आवक-जावक विभागात. एक प्रत त्यांनी ठेवली, दुसरीवर गोल शिक्का, तारीख, क्रमांक, सही. पाच मिनिटांचं काम. त्या शिक्क्याचा मी फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अभिनंदन केलं. काहींना वाटलं माझा फ्लॅट रजिस्टर झाला.

पंधरा दिवस शांतता. मग स्मरणपत्र. 'संदर्भ'मध्ये तोच आवक क्रमांक, मजकूर तीन ओळी, त्याचीही पोच.

तिसरा रस्ता लोकशाही दिनाचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो जिल्हाधिकारी कार्यालयात असतो तसाच महापालिकेतही असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात द्यायचा. पण एक अट ऐका – तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी! आमचा एकसष्ट सह्यांचा गठ्ठा तिथे बाद. काकू म्हणाल्या, "माझा हात वैयक्तिकच होता की!" आणि त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज भरायला घेतला.

तेही नाही जमलं तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'काम का केलं नाही?' असं विचारायचं नाही, ते माहितीत बसत नाही. 'अमुक क्रमांकाच्या निवेदनावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' असं मागायचं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आणि इथेही सगळ्यात आधी लागतो तो आवक क्रमांकच.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. स्मरणपत्रानंतर नवव्या दिवशी शिडीची गाडी आली. पाचपैकी तीन दिवे लागले. रात्री नऊला हॉस्टेलच्या पोरी त्या उजेडात थांबून चक्क फोटो काढत होत्या.

वळणावरचे दोन अजून बंदच आहेत. खांब क्रमांक लिहून दुसरं स्मरणपत्र तयार आहे, खड्ड्याचं वेगळं निवेदन काकांकडे तपासायला दिलंय. येत्या सोमवारी पुन्हा अर्धी रजा. या वेळी आवक-जावकला माझ्यासोबत हॉस्टेलमधल्या दोघी येणार आहेत. शिक्का कसा मारतात ते त्यांना बघायचंय.